कापडावरची चिठ्ठी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी गोड बोलावे, अशी आपली रीत आहे. चिटणीसबाईंनी नुकताच उद्योग विभागाचा वृत्तान्त वाचून दाखविला आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. या विभागाचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे त्या टाळ्यांतला थोडा वाटा मी मनातल्या मनात उचललाही! पण वृत्तान्तात न आलेली एक गोष्ट मला आज सांगितलीच पाहिजे. कारण थोड्याच वेळाने आपल्यापुढे एक ठराव यायचा आहे. आपल्या विक्री केंद्रातील प्रत्येक वस्त्रावर मंडळाच्या नावाची एक चिठ्ठी लावावी आणि तीवर 'नीतीने बनविलेले वस्त्र' असे छापावे, असा तो ठराव आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू निर्मळ आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही हात वर करण्यापूर्वी माझी फजिती ऐकून घ्या.

गेल्या दिवाळीच्या विक्रीसाठी आपण करवती काठाच्या साड्या आणल्या होत्या, हे आपणांस आठवत असेल. आणणारी मीच. व्यापारी ओळखीचा होता, बोलणे आर्जवी होते, भाव बेताचा होता आणि प्रत्येक साडीला 'हातमागावर विणलेली' अशी सुबक चिठ्ठी होती. मी त्या चिठ्ठीशेजारी आपल्या मंडळाची चिठ्ठी टाचली. सोळापैकी अकरा साड्या दोन दिवसांत गेल्या. तिसऱ्या दिवशी आपल्या शिवणवर्गात मुलीला पोहोचवायला येणाऱ्या एक मावशी केंद्रात डोकावल्या. पाचपावलीला राहतात, माहेर मोहाडीकडचे, जन्म मागाशेजारी गेलेला. त्यांनी एक साडी उचलली, पदर उलटा केला, काठावरून अंगठा फिरविला आणि हलकेच म्हणाल्या, "हे हातचं नाही जी बाई. मशीनवरचं आहे."

मी चिठ्ठी दाखविली. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलेसुद्धा नाही. मला जवळ बोलावून त्या समजावून सांगू लागल्या. खऱ्या करवतीत काठाचा धागा वेगळा आणि अंगाचा वेगळा. त्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात. दोन्ही काठांचे दोन आणि मधला एक. जेथे काठ आणि अंग भेटतात तेथे धागे एकमेकांत अडकवून करवतीचे दाते पाडायचे असतात. म्हणून खऱ्या साडीची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच नेटकी असते. येथे मागच्या बाजूला धागे कापून टाकलेले होते. आडवा धागा हाताने ठोकला की कुठे दाट, कुठे किंचित विरळ बसतो. येथे तो फूटपट्टीने आखल्यासारखा होता.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण पुढचे वाक्य त्याहून टोचणारे होते. त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांआधी अशीच साडी मी स्वतः विणून तुमच्यापाशी आणली होती. महाग म्हणून तुम्हीच परत केली."

भगिनींनो, ते खरे होते. मी परत केली होती, आणि ही स्वस्त मिळाली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. ज्या अकराजणींनी साड्या नेल्या त्यांना मी पत्रे लिहिली. सातजणींनी साड्या परत केल्या, मंडळाने पैसे दिले. एका वृद्ध भगिनीने लिहिलेले मला विसरता येत नाही. त्यांनी लिहिले, व्यापाऱ्याला मी ओळखत नाही. मी मंडळाच्या चिठ्ठीवर साडी घेतली.

तेव्हापासून या चिठ्ठीच्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला आहे. मी खोटे बोलले होते का? नाही. व्यापारी कदाचित जाणूनबुजून बोलला असेल, कदाचित त्यालाही कोणी फसविले असेल. प्रत्येकाने आपल्या मागच्याच्या कागदावर विश्वास ठेवला आणि पुढच्याच्या हातात कागद दिला. कापड कोणीच उलटून पाहिले नाही, आणि विणणारीला कोणी विचारले नाही. यानंतर मी मिळेल ते वाचू लागले, जाणत्यांना विचारू लागले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही, की प्रत्येक शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपण बायका कधी पाहतच नाही. २००४ साली निघालेला रेशीम मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. ते हातमागावर विणले की यंत्रावर, हे तो सांगत नाही. २००६ सालचा हातमाग मार्क सांगतो की कापड हातमागाचे आहे. विणणाऱ्याच्या पदरात किती पडले, हे तो सांगत नाही. भौगोलिक मानांकन आपल्या विदर्भाच्या करवतीला मिळाले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. ते प्रदेश आणि पद्धत सांगते. पण गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात ऐनाच्या झाडावर टसराचे कोश सांभाळणारा ढीवर, कोशातून धागा काढणारी त्याची बायको आणि मागावर बसलेली कोष्टीण यांची चूल त्या मानांकनाने पेटते की नाही, हे त्यावर लिहिलेले नसते. शिक्का खोटा नसतो. आपणच त्याच्याकडून त्याने न दिलेले वचन ऐकतो.

आणि मागावर बसते कोण? २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात विणकर आणि त्यांचे साहाय्यक मिळून पस्तीस लाखांवर माणसे आहेत आणि विणकरांत दहांतल्या सात स्त्रिया आहेत. दर तीन विणकर घरांपैकी सुमारे दोन घरांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे. म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नाही, आपल्याच बहिणींचा आहे.

आता रेशमाकडून कापसाकडे येते. आपण वऱ्हाड-नागपूरच्या बायका, कापूस आपल्याला नवा नाही. पहिल्या वेचणीला सीतादही करून दही-भात वाहायचा आणि मग ओटीत बोंडे भरायची, हे आपल्यातील कितीतरी जणींनी माहेरी पाहिले आहे. एके काळी तो कापूस गाडीतून निघून याच गावच्या गिरणीत यायचा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सूत तेथेच, कापडही तेथेच. त्या काळी गिरणीत सारे रामराज्य होते असे मी म्हणणार नाही. दिवस फार लांब असत आणि लहान मुलेही कामावर असत. पण कापड कोणी केले, हे विचारायला कोठे जायचे ते ठाऊक होते. गिरणीचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू येई. २००२ साली ती गिरणी कायमची बंद झाली. आज तेथे मॉल उभा आहे, आणि त्यातल्या सदऱ्याचा कापूस कोठला, हे विकणाऱ्या मुलालाही सांगता येत नाही.

आज शेतातला कापूस खेडा-खरेदीच्या व्यापाऱ्याकडे किंवा खरेदी केंद्रावर जातो, तेथून जिनिंगमध्ये. तेथे दहा गावांच्या कापसाची एकच गंजी लागते. सरकी वेगळी होते, रुईची एकशेसत्तर किलोची गाठ बांधली जाते. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. त्यात कोणत्या शेताचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ती गाठ पुढे कोइमतूरकडच्या सूतगिरणीत, सूत विणाईला, कापड रंगाईला, मग तिरुपूरला शिवायला आणि शेवटी जहाजात. प्रत्येक ठिकाणी मालक वेगळा, मजूर वेगळे, आणि कागदही वेगळा.

या लांबलचक वाटेवर कापूस खरोखर सेंद्रिय आहे, मजुरांना नीट वागविले आहे, हे दाखविण्यासाठी जगात अनेक प्रमाणपत्रे निघाली. त्यांतले प्रसिद्ध आहे 'गॉट्स', म्हणजे सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक. कापडात निदान सत्तर टक्के धागा सेंद्रिय असल्याशिवाय ते मिळत नाही. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की व्यवहाराचे प्रमाणपत्र लागते. व्यवस्था कागदावर चोख आहे. आणि तरीही २०२० साली काय उघडकीला आले? भारतातला सुमारे वीस हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून पुढे गेला होता. म्हणजे एक लाखाहून अधिक गाठी! सरकारी प्रमाणपत्रासारखे कागद छापले होते. इतकेच नव्हे, तो कागद खरा की खोटा हे तपासायला जे सरकारी संकेतस्थळ, त्याचीही हुबेहूब नक्कल करून ठेवली होती. अकरा कंपन्यांवर बंदी आली. माझ्या सोळा साड्यांची गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक फक्त आकड्यांचा आहे.

दुसरी एक पद्धत आहे, ती समजावून घेताना मला आपली चक्की उपयोगी पडली. समजा, तुम्ही निवडलेले उत्तम गहू पाच किलो चक्कीवर दिले. चक्कीवाल्याने ते सर्वांच्या गव्हात मिसळून दळले आणि तुम्हांला पाच किलो पीठ मोजून दिले. वजन बरोबर, पण पीठ तुमच्या गव्हाचे नाही. 'बेटर कॉटन' नावाच्या योजनेत बरीच वर्षे बराचसा हिशेब असाच ठेवला गेला. चांगल्या रीतीने पिकविलेल्या कापसाचे जेवढे वजन, तेवढ्याच वजनाचे श्रेय पुढे, मग प्रत्यक्ष धागा कोणताही असो. शेतकऱ्याला चांगली शेती शिकविण्याला त्याने मदत होत असेल, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण चिठ्ठी वाचणाऱ्या बाईला वाटते, माझ्या अंगावरचाच धागा तो. २०२३ पासून त्या योजनेनेही प्रत्यक्ष कापसाचा माग ठेवण्याची सोय सुरू केली आहे.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. आपल्याकडे २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापसाचे क्षेत्र त्या बियाण्याखाली आहे. सेंद्रियात ते चालत नाही. साधे सरळ वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत तयार होत असले, तरी गावच्या दुकानात मागितल्याबरोबर मिळतेच असे नाही. शेजारच्या शेतातून परागकण येणार, जिनिंगमध्ये सरकी मिसळणार. शेत सेंद्रिय ठरायला दोन-तीन वर्षे थांबायचे, त्या वर्षांत उत्पन्न कमी आणि जादा भाव नाही. लहान शेतकऱ्याला एकट्याने तपासणीची फी झेपत नाही म्हणून पंचवीस ते पाचशे जणांचे गट करतात, आणि प्रमाणपत्र बहुधा गटाच्या नावाचे असते. त्याच्या हातात राहते ती वही भरण्याची कटकट. चांगुलपणा सिद्ध करण्याचा खर्च खालच्या टोकाला आणि चांगुलपणाची किंमत वरच्या टोकाला, असा हा उफराटा न्याय आहे.

आणि वेचणारी? ती तर कोणत्याच वहीत नाही. किलोमागे मजुरी घेणारी, आज या शेतावर, उद्या त्या शेतावर. 'गॉट्स'ची तपासणी मुळात जिनिंगपासून पुढे चालते. शेतासाठी सेंद्रिय शेतीचे वेगळे नियम असतात आणि ते मुख्यतः माती, बी आणि औषध पाहतात. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षीचा कापूसही कोठेतरी कापड झालाच असेल. त्या कापडावरची चिठ्ठी काय म्हणत असेल?

कोणी म्हणेल, तपासणी अधिक कडक करा. कराचीत ११ सप्टेंबर २०१२ रोजी एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. दारे बंद होती, खिडक्यांना गज होते. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगारांना चांगले वागविल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते! पुढच्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया. तेथील काही कारखान्यांचीही तपासणी झालेली होती. तपासनीस एक दिवस येतो, फी कारखानदाराची असते, आणि शिवणाऱ्या मुलीला मालकासमोर विचारतात, "सगळे ठीक आहे ना?" ती काय सांगणार?

हे सारे ऐकून मन खट्टू होते. माझेही झाले होते. मग मला आठवण झाली ती येथून पंचाहत्तर किलोमीटरवरच्या वर्ध्याची.

१९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. 'प्रमाणित खादी' हा शब्द आपल्या आई-आजींच्या तोंडी होता. तो या संघाचा. ज्या भांडाराला संघाचे प्रमाणपत्र, तेच खरे. पण दहा वर्षांनी गांधीजींनी एक अवघड प्रश्न उभा केला. खादी शुद्ध आहे, पण सूत कातणाऱ्या बाईला काय मिळते? मिळत होते ते अगदीच थोडे. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत संघाने ठराव केला की आठ तास चांगले काम करणाऱ्या कातणारीला निदान पुरेसे सकस अन्न आणि अंगावर कापड मिळेल इतकी मजुरी दिलीच पाहिजे. खादी महागणार, हे सर्वांना दिसत होते. खप घटेल अशी भीती होती. अप्रमाणित व्यापारी कमी मजुरीत सूत घेऊन स्वस्त खादी विकणार, हीही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. तरी मजुरी वाढविली.

भगिनींनो, यातला क्रम पाहा. आधी मजुरी, मग शिक्का. आज जगभर जे चालले आहे ते बहुतांशी उलटे आहे. आधी शिक्का, आणि मजुरीचे पुढे पाहू. ज्या शिक्क्यामागे मजुरी नाही तो शिक्का कितीही सुबक असला तरी कापडावर बसतो, कापड करणाऱ्याच्या जीवनाला लागत नाही.

आणि मजुरीमागे सततची जागरूकता नसेल तर चांगला शिक्काही गंजतो. खादीला आता २०१३ च्या नियमांप्रमाणे खादी मार्क आहे. तरीही २०२२ साली मुंबईतल्या एका फार जुन्या खादी संस्थेचे प्रमाणपत्र खादी आयोगाला रद्द करावे लागले, कारण खादीच्या नावाने खादी नसलेला माल विकला जात असल्याचे आयोगाला आढळले. पुण्याई वारशाने मिळते, पण ती वारशाने टिकत नाही.

म्हणून ठरावाविषयी माझे मत स्पष्ट सांगते. 'नीतीने बनविलेले' हे शब्द आपण छापू नयेत. ते आपल्याला पेलणारे नाहीत. कापूस कोणी वेचला हे आपल्याला ठाऊक नाही, सूत कोणत्या गिरणीचे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. चिठ्ठी जरूर लावू. पण तीवर आपल्याला ठाऊक असेल तेवढेच लिहू. विणले कोणी, शिवले कोणी, त्यांची मर्जी असेल तर त्यांच्या नावासह. या वस्त्रासाठी त्यांना मजुरी किती दिली, ती रुपयांत. कापड कोठून घेतले. आणि शेवटी एक ओळ: "सुताचा व कापसाचा माग आम्हांस लागलेला नाही." अशी ओळ छापायला लाज वाटेल, पण ती लाज खोट्या अभिमानापेक्षा बरी. कोणी वाचून विचारील, "मग माग का काढीत नाही?" विचारू द्या. विचारणारी मिळाली की काम अर्धे झाले.

दुसरे, तपासनीस बाहेरून आणण्याऐवजी ज्या मावशींनी माझी चूक धरली त्यांनाच आपण मानधन देऊन खरेदीच्या वेळी बोलवावे. कापड उलटून पाहण्याची विद्या त्यांच्या अंगठ्यात आहे, माझ्या चष्म्यात नाही. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि ती साडी मागितली. ती तेव्हा दुसरीकडे गेली होती, माझ्या नाकारलेल्या भावापेक्षाही कमी दामात. मुलीच्या फीची तारीख जवळ आली होती, एवढेच त्या म्हणाल्या.

तिसरे आणि सर्वांत अवघड. आपल्या शिवणविभागातील भगिनींचे नगामागचे दर मी परवा वहीत पाहिले. चार वर्षांत ते बदललेले नाहीत. या चार वर्षांत तेल, डाळ, गॅस यांचे काय झाले ते मी या सभेला सांगायला नको! दुसऱ्याच्या कारखान्यातल्या अन्यायाची चर्चा करणाऱ्या आपण, आपल्याच वहीचे पान उलटीत नव्हतो. त्यात पहिला दोष माझा आहे. ठरावाआधी हे दर वाढवावेत, दरवर्षी वर्धापनदिनी ते मोठ्याने वाचावेत, आणि ते ठरविताना शिवणाऱ्या दोघी तरी कार्यकारी मंडळाशेजारी बसलेल्या असाव्यात, अशी माझी उपसूचना आहे.

यामुळे आपल्या वस्तू महागतील. फार नाही, पण महागतील. तेव्हा शेवटचा भार आपणा घेणाऱ्यांवर येतो. आपण घासाघीस करण्यात पटाईत! सीताबर्डीवर दहा रुपये कमी केले की घरी येऊन दहादा सांगतो. भाजी-भांड्यांत ते करा, मी आड येणार नाही. पण ज्या चिठ्ठीवर बाईची मजुरी लिहिली आहे, तिच्यावर घासाघीस म्हणजे त्या मजुरीवर घासाघीस, एवढे ध्यानात ठेवा. चार साड्यांऐवजी दोन घेऊ, दोन घेतल्या तर दहा वर्षे नेसू.

उरलेल्या पाच साड्या मी व्यापाऱ्याला परत केलेल्या नाहीत. त्या कपाटात ठेवल्या आहेत. त्यांतली एक आज या टेबलावर आहे, आणि तिच्याशेजारी मावशींनी नव्याने विणलेली खरी करवती. सभा संपल्यावर प्रत्येकीने पुढे येऊन दोन्ही उलट्या करून पाहाव्यात. मावशी येथेच बसल्या आहेत, त्या दाखवितील. चिठ्ठ्या मी दोन्हींवरून काढून ठेवल्या आहेत.